वरच्या डेकवर आम्ही दोघं

जर्मनीहून येऊन बरेच दिवस झाले, तरी खळ्यात येऊन बसणारं माणूस तेच विचारतं. बोटीवर जेवायला काय देतात, पोट ढवळतं का, गोरी सून पाया पडली का. सांगून सांगून घसा सुकला. शेवटी वाचनालयाचे मास्तर म्हणाले, "एकदा लिहूनच टाका, अंकात घालू." माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा भाषेला नावं ठेवू नका. ज्यांना बोटीत बसायला मिळालेलं नाही त्यांच्यासाठी हे आहे. ज्यांना मिळालं त्यांनी वाचू नये, उगाच चुका काढत बसतील.

मला बोट नवी नव्हती. जन्म बोटीवरच गेला. मी आगवाला होतो. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात बसून भट्टीत कोळसा मारणारा. आमची शिडी वेगळी, खाणं वेगळं, झोपायची जागा वेगळी. उतारूंच्या डेकवर पाय ठेवायची आम्हाला परवानगी नव्हती. बोट अमुक बंदराला लागली हे आम्हाला घंटेवरून कळायचं.

सुटीला घरी आलो की ही विचारायची, "अहो, तुम्ही खाली कोळसा मारता, मग ती वर बसलेली माणसं दिवसभर करतात तरी काय?"

"मला काय ठाऊक? मी वर गेलोय कधी?"

"इतकी वर्षं बोटीवर आणि बोट काही बघितली नाहीत," म्हणून हसायची.

ही गेल्या शिमग्यानंतर गेली. आमचा मुलगा सदानंद तेव्हा जर्मनीत ब्राउनश्वाइगला होता, इंजिनिअरिंगचं मोठं शिक्षण घ्यायला. तिथलीच मुलगी पसंत केल्याचं त्याने कळवलं होतं. नाव रेनाटे. गावात चार तोंडांनी चार गोष्टी झाल्या, पण हिने अंथरुणावरून निकाल दिला, "पोराला आवडली ना? मग मला आवडली. रेनाटे काय, रेणू म्हणू."

आता खरी गोष्ट. वरबाप विधुर असला की लग्नात त्याच्याऐवजी भाऊ-भावजय बसतात. माझा चुलतभाऊ दत्तू आजारपणात समाचाराला आला आणि हिच्या पायथ्याशी बसून म्हणाला, "वहिनी, तुम्ही काळजी करू नका. सदाच्या लग्नात आम्ही दोघं बसू." चांगल्या मनाने म्हणाला असेल. पण हिला लागलं ते लागलं. तो गेल्यावर मला म्हणाली, "माझी जागा कुणाला देऊ नका. माझ्या जागी मीच."

"तू कशी?"

"कमरेला सुपारी लावा. मागीलदारी माझी पोफळ आहे, तिचीच घ्या."

बायको हजर नसली तर पुरुषाने कमरेला अखंड सुपारी खोवून कार्याला बसायचं, ती सुपारी म्हणजे बायको, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. हिने हाताने लावलेल्या पोफळीची एक चांगली वाळलेली सुपारी मी सोलून घेतली. गोल, घट्ट, कुठे भेग नाही. दत्तू म्हणाला, "लग्न जर्मनीत. तिथे कसली सुपारी आणि कसलं काय." मी म्हटलं, "मी जाणार तर तीही येणार." तिकीट सदाने काढलं होतं.

बॅलार्ड पिअर

इटालियन बोट. धुतलेल्या धोतरासारखी पांढरी. धक्क्यावर पोचलो आणि माझे पाय आपोआप मागच्या अंगाला वळले, खलाशांच्या शिडीकडे. पांढरे हातमोजे घातलेल्या एका माणसाने मला थांबवलं, हातातली ट्रंक काढून घेतली आणि वर बोट दाखवलं. पुढल्या शिडीने, उतारूंच्या. माझी ट्रंक खलाशी वाहतोय आणि मी मोकळ्या हाताने मागे चढतोय. कनवटीला हात लावून मी हिला म्हटलं, "चल, बघून घे."

खोलीत माझ्याबरोबर पुण्याचे कुलकर्णी होते. चाळिशीचे गृहस्थ, कंपनीच्या कामासाठी ड्युसेलडॉर्फला निघालेले. त्यांचं सामान माझ्या दुप्पट, त्यात निम्मा चिवडा. बोट हलली तसे ते आडवे झाले. मी लिंबू कापून नाकाशी धरलं, नजर लांब पाण्याच्या रेघेवर ठेवा म्हणून सांगितलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी उठून बसले आणि मला काका म्हणायला लागले.

जेवायला घंटा वाजते. मोठं दालन, टेबलावर पांढरी चादर, चार तऱ्हेचे काटे-चमचे. वाढणारा वाकून विचारतो. दोऱ्यासारखा एक लांबच लांब पदार्थ येतो, तो काट्याला गुंडाळून खायचा. मी गुंडाळत बसलो नाही, बोटांनी खाल्ला. शेजारच्या टेबलावरची मडम बघायला लागली. मी तिच्याकडे बघत पुढचा घास घेतला. तिने मान वळवली. भात मागितला तर अर्धा कच्चा आला. मासळी चांगली असते, पण तिखटाचा पत्ता नाही. कुलकर्ण्यांच्या चिवड्यावर दिवस काढले म्हणा ना.

तर वरची माणसं दिवसभर काय करतात? हिला सांगायचं म्हणून मी नीट बघून घेतलं. सांगतो. खुर्चीत आडवी होतात. अंगाला तेल लावून उन्हात भाजून घेतात. बोटीवरच एक हौद असतो, चहूकडे समुद्र असताना त्या हौदात पोहतात. संध्याकाळी कपडे बदलून नाचतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्ची. एवढ्यासाठी आम्ही खाली जळत होतो, हे कळल्यावर मला आधी राग आला. मग मीही एक खुर्ची ओढली आणि आडवा झालो. सुखाचं असतं ते, खोटं कशाला बोलू?

एडन सुटल्यावर तांबड्या समुद्रात उकाडा झाला. कुलकर्णी टॉवेल ओला करून डोक्यावर घेऊन बसले. "काका, मेलो. भट्टी आहे ही भट्टी."

"भट्टी तुमच्या पायाखाली आहे. ही गच्ची."

ते हसले. मग जरा वेळाने हळूच म्हणाले, "काका, माझी सुपारी संपली हो. जेवणावर तोंड कसंसंच होतं. काल कपडे बदलताना तुमच्याजवळ दिसली. अडकित्ता माझ्याकडे आहे. एक खांड..."

"ती माझी बायको आहे."

कुलकर्ण्यांनी टॉवेल डोक्यावरून काढला. मी सगळं सांगितलं. ते खुर्चीत सावरून बसले. नंतर म्हणाले, "चुकलो. वहिनींना नमस्कार सांगा." आणि अडकित्ता ट्रंकेत तळाशी घातला. मी त्यांना तिथल्या तिथे लग्नाचं आमंत्रण दिलं. मंगलाष्टकं येतात का विचारलं. "पाठ आहेत," म्हणाले, "गळा मात्र विचारू नका."

इंजीनघर

सुएझच्या अलीकडे एक दिवस उतारूंना इंजीनघर दाखवतात. पंधरावीस जण हौसेने निघाले. मीही गेलो. लोखंडी शिडीवर पाऊल पडलं आणि पावलाने अंतर ओळखलं. खाली गेलो तर कोळसा नाही. फावडं नाही. भट्ट्यांची तोंडं बंद, आत तेल फवारतं आणि आपोआप जळतं. जिथे आम्ही डझनभर माणसं घामाने न्हात होतो तिथे एकटा गडी तेलाची बरणी घेऊन उभा. गळ्याला घामाचं फडकं. तेवढं मात्र आमच्यासारखं.

माझ्या सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या होत्या. त्याची नजर माझ्या हातावर गेली. मनगटापासून कोपरापर्यंत भट्टीच्या दाराचे जुने डाग आहेत, ते ज्याला ओळखायचे तो ओळखतो. त्याने काही न बोलता स्वतःची बाही वर केली. तसेच डाग. मग तेलकट हात फडक्याला पुसून माझा हात हातात घेतला. बाकीचे उतारू कान झाकून उभे होते. आम्हाला खाली घेऊन आलेला अधिकारी मला पुढे घेऊन गेला आणि सगळ्यांच्या आधी मला भट्टीच्या भिंगातून ज्वाळ बघायला दिली. मला कुणीतरी मोठा पाहुणा समजून लोक बाजूला झाले. होतोच मी.

आगगाडी

जिनोव्हा बंदरात बोट सोडली आणि आगगाडी धरली. डोंगर, बोगदे, तळी, बर्फ. सुंदर आहे, पण काच बंद, डबा गप्प. कुणी कुणाला कुठे निघालात विचारत नाही. शेजारी उतरेपर्यंत मला त्याचं नाव कळलं नाही. असला प्रवास कसला?

माझी पिशवी शेजारच्या जागेवर होती. एक बाई दारात उभी राहून काहीतरी बोलली. कुलकर्ण्यांनी समजावलं, "ती विचारतेय, जागा मोकळी आहे का. मोकळी असेल तर 'फ्राय' म्हणायचं. कुणी बसलेलं असेल तर 'बेझेट्स्ट'."

"कुणी बसलेलं असेल तर तिला दिसेल की."

"उठून बाहेर गेलं असेल तर?"

"तरी जागा त्याचीच?"

"त्याचीच. इथे ते मानतात."

रीत बरी वाटली. मी पिशवी उचलली आणि बाईला 'फ्राय' म्हटलं. कुलकर्णी वाटेत ड्युसेलडॉर्फच्या गाडीसाठी उतरले. हानोफरला सदा आला होता. सात वर्षांनी बघत होतो. मला बघून पुढे आला आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मी कनवटीवर हात ठेवला. "आली आहे," म्हटलं. मग तो पाया पडला.

ब्राउनश्वाइगला दोन दिवस राहिलो. तिथे आपली पाचसहा मराठी पोरं शिकतात. एकाच शेगडीवर आळीपाळीने पिठलं करतात आणि बोलता बोलता मध्येच 'आल्झो', 'गेनाऊ' असे जर्मन शब्द घालतात. सदाने त्याची प्रयोगशाळा दाखवली. तो वाफेवर चालणाऱ्या टर्बाइनचा अभ्यास करतो. बापाने वाफ केली, पोरगा तिचं गणित मांडतो. त्याच्या प्राध्यापकाने माझा हात धरून बराच वेळ हलवला, मुलाचं कौतुक केलं. मी सदाला म्हटलं, "त्यांना सांग, हे सगळं त्याच्या आईकडून आलंय. मी चौथी पास."

ब्रेमरहाफन

मुलीचं घर ब्रेमरहाफन नावाच्या बंदरात. अमेरिकेच्या मोठ्या बोटी तिथून सुटतात. लढाईत गाव जळलं होतं, आता सगळी घरं नवी, एका मापाची. रेनाटे दारात उभी होती. उंच, गोरी, नाकावर ठिपके. वाकली आणि पाया पडली, कुठे चुकली नाही. "बाबा, या," म्हणाली. तेवढं मराठी तिने घोकून ठेवलं होतं.

विहीणबाई माझ्यासारख्याच एकट्या. नवरा लढाईत बोटीबरोबर गेला. हात मिळवला तर माझ्या हातात हात की लाकूड कळेना, इतका राबलेला. आत गेलो आणि भिंतीवर त्याचा फोटो बघितला. बोटीच्या डेकवर उभा, गळ्यात फडकं, हातात फावडं. ते लांब दांड्याचं, पसरट तोंडाचं फावडं जगात एकाच कामाला वापरतात. मी सदाकडे वळलो. "हे काय? आगवाला?"

"हो बाबा. मी मुद्दामच कळवलं नव्हतं. म्हटलं, तुम्ही स्वतः बघाल."

मी फोटोसमोर उभं राहून नमस्कार केला. गावात म्हणाले होते, कुठली कोण, कसल्या घरची. आता ऐका सगळ्यांनी. आगवाल्याची मुलगी. आपल्यातली.

मग ट्रंक उघडली. विहीणबाईंसाठी घरची वेलची, लवंग, हळकुंडं, आपल्याच झाडाची जायफळं, सगळं टेबलावर मांडलं. वाकून आत हळद-कुंकवाचे करंडे शोधताना सटकू नये म्हणून कनवटीची सुपारी काढून क्षणभर टेबलावर, मसाल्याशेजारी ठेवली. तेवढ्यात संध्याकाळच्या कार्यक्रमाला शेजारी जमले आणि मी बाहेर ओढला गेलो.

तो कार्यक्रम सांगायलाच हवा. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तिथले शेजारीपाजारी घरातल्या जुन्या बशा, कप, सुगडं घेऊन येतात आणि नवरीच्या दारात आपटून फोडतात. मी ओरडलोच, "अरे, शुभकार्याच्या दारात फोडाफोड?" सदा म्हणाला, "बाबा, इथे फुटलेलं शुभ मानतात. जितके तुकडे, तितकं चांगलं. नवरा-नवरीने मिळून झाडायचे." दोघं एका झाडूने तुकडे गोळा करत होती. शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या हातात एक बशी दिली. मी फोडली. बरं वाटतं.

सकाळी आंघोळ केली, धोतर नेसलो, कनवटीला हात घातला. सुपारी नाही. ट्रंक उलटी केली, गादी झटकली. सदाही शोधायला लागला. दुसरी सुपारी आणायची कुठून? त्या अख्ख्या बंदरात सुपारी नाही. असती तरी हिच्या पोफळीची नसती. तेवढ्या लांब आणली आणि दारात येऊन हरवली.

स्वयंपाकघरातून खर्रर्र खर्रर्र असा आवाज येत होता. आत गेलो. शेगडीवर फ्लॉवर शिजत होता आणि विहीणबाई पातेल्यावर किसणी धरून त्यावर काहीतरी जिवाच्या आकांताने घासत होत्या. मला बघून हसून काही बोलल्या. सदाच्या तोंडचा रंग गेला.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, तुमच्याकडचं जायफळ फार टणक आहे."

मसाल्याबरोबर सुपारीही त्यांनी डब्यात भरली होती. तिकडे फ्लॉवरवर जायफळ किसून घालतात. आणि सुपारी दिसतेही तशीच. मी हात पुढे केला. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. एका बाजूने साल गेलेलं, आतली पांढरी-तांबडी नक्षी उघडी. कार्याला सुपारी अखंड लागते. मी तिथेच स्टुलावर बसलो.

सदाने त्यांना सांगितलं, ती सुपारी कोण आहे ते. विहीणबाईंच्या हातून किसणी खाली पडली. पदर असता तर तोंडाला लावला असता, एप्रन लावला.

त्याच वेळी कुलकर्णी पोचले, ड्युसेलडॉर्फहून, टोपी घालून. त्यांना सुपारी दाखवली. विचारलं, "चालेल का?"

"शास्त्राप्रमाणे अखंडच हवी, काका." मग त्यांनी ती उलटी केली, खालीवर बघितली. "पण फुटलेली नाही. घासली आहे."

मी हिचा विचार केला. भाकऱ्या थापून चपटी झालेली बोटं. पुढचे दोन दात पडलेले. पोळलेली हनुवटी. लग्नाला आली असती तर कुठे अखंड आली असती? तशीच आली असती आणि पुढे बसली असती. आणि ह्या लोकांत तर फुटकं शुभ. दोन्हीकडची रीत तिच्यात आली. मी उठलो. म्हटलं, "लोखंडाने घासली तरी तुटली नाही. ही तीच आहे. चला, उशीर होतो."

विहीणबाई पातेलं ओतून टाकायला निघाल्या. मी हात धरला. "सांग त्यांना, टाकायचं नाही." दुपारी सगळ्यांनी तो फ्लॉवर खाल्ला. तुरट लागला. कुलकर्णी दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाले, "काका, शेवटी मिळाली हो मला."

पण लग्न त्याच्या आधी. स्टांडेसआम्ट म्हणजे लग्न नोंदायची सरकारी कचेरी. मंगलाष्टकं मग घरी झाली. कुलकर्ण्यांचा गळा त्यांनी सांगितल्याप्रमाणेच निघाला. कचेरीत दालन लहान, माणसं जास्त. पुढे चार खुर्च्या वडीलधाऱ्यांच्या. विहीणबाई आधी जाऊन पोचल्या होत्या. त्यांनी एका खुर्चीवर स्वच्छ पांढरा हातरुमाल पसरला आणि माझ्याकडे बघितलं. कनवटीला खोवायची रीत त्यांना कुठून ठाऊक? त्यांच्या हिशोबाने बाई आली आहे तर तिला खुर्ची हवी. मी सुपारी काढून रुमालावर ठेवली, घासलेली बाजू वर. काय लपवायचं?

मग त्या जरा थांबल्या. पर्समधून एक जुनं, धुऊन विरलेलं निळं फडकं काढलं आणि चौथ्या खुर्चीवर घडी करून ठेवलं. फोटोत गळ्याशी होतं तेच. मी ओळखलं. आम्ही बसलो. ही माझ्या शेजारी, तो त्यांच्या शेजारी.

कचेरीचे साहेब वाचायला उभे राहिले. तेवढ्यात रेनाटेचे एक जाडजूड काका धापा टाकत आत आले. मागे जागा नव्हती. पुढे दोन खुर्च्या त्यांना रिकाम्या दिसल्या. माझ्याजवळ येऊन, हिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, आगगाडीतल्या बाईने विचारलं होतं तेच.

सदा मागे वळला. विहीणबाईंनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मीच बोललो.

"बेझेट्स्ट."

काकांनी दुसऱ्या खुर्चीकडे बोट केलं.

"तीपण."

ते कळलं त्यांना. टोपी काढून भिंतीला टेकून उभे राहिले, आणि साहेबांनी लग्न लावलं.